सवतीचा पाय

मोटारीत बसायला मिळणार म्हणून त्या दिवशी मी पहाटेपासून हुरळले होते, हे आधीच सांगून टाकते. लग्नाला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. माहेरी आमची धाव बैलगाडीपर्यंत, आणि इथं पेडगावला सासरच्या दारात टपाची काळी मोटार! लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, म्हणून ती बहुतेक दिवस गोठ्याशेजारच्या शेडमध्ये झूल पांघरून उभी असायची.

काम साधंच होतं. पमीला तिच्या आजोळी पोचवायचं. पमी म्हणजे प्रमोदिनी, ह्यांच्या पहिल्या बायकोची मुलगी, पाच वर्षांची. तिची आई चतुराबाई तापानं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. मामा काशीनाथ देवगाव फाट्यावर बैलांची दमणी जुंपून थांबणार होते.

"राहू द्या लेकरू आजोळी," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुमचं आता नवं हाय. नव्यात जुनं कशाला कालवायचं?"

किती दिवस राहू द्यायचं, ते कुणी बोललं नाही. पण पमीचं अंथरूणही बांधून दिलं, त्यावरून मी काय ते समजले. मला ते नको होतं. रात्री झोपेत ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरायची आणि सकाळी आपण धरलंच नव्हतं असा चेहरा करायची. अशा माणसाशी माझं जमतं. पण नव्या सुनेनं तोंड उघडायचं ते जेवायला, तेही सगळ्यांच्या मागून.

माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सवतीचा टाक होता. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा चेहरा उठवलेला. बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात तो असतोच. रीत अशी, की जे काही करायचं ते आधी त्या गेलेल्या सवतीला विचारून. नव्या लुगड्याची घडी आधी टाकाला लावायची. पहिला घास तिच्या नावानं बाजूला. कुंकूसुद्धा आधी टाकाला, मग मला. त्या दिवशीही मी मोटारीच्या दाराला टाक टेकवला आणि म्हटलं, "बाई, आधी तुम्ही बसा."

हे हसले. "आता दोघींना घेऊन चालवायची म्हणायची!"

सेलू मागं पडलं. वैशाखाचं ऊन, दोन्हीकडं भेगाळलेलं काळं रान, कडेला बाभळी. मोटार अशी पळत होती की डोईवरचा पदर दातांत धरावा लागला. पमी मांडीवर होती. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडण्याचीही आधी परवानगी काढावी लागली असती.

"फाटा आता आलाच," हे म्हणाले. आणि मोटार मंदावली.

बंद नाही पडली. इंजिन चालू होतं, पण खालच्या आवाजात पुटपुटत. ह्यांनी पाय दाबला, पुन्हा दाबला, उठून उभ्यानं दाबला.

"रेस घेईना की ही!"

मोटार बाभळीखाली सरकत आली नि थांबली. टाकीत गज घालून पाहिला, पेट्रोल भरपूर. मग बॉनेट उघडून ह्यांनी कार्बोरेटरची कळ हातानं ओढली. इंजिन केवढ्यानं गरजलं! पमीनं कान झाकले.

"इंजिन साफ हाय," हे तिथूनच बोलले. "पेडलपासून इथपर्यंत जी सळई येती ना, ती कुठंतरी अटकायलीय. तू बस माझ्या जागी. मी म्हणलं की दाब."

मी! चाकामागं! रस्त्यात चिटपाखरू नव्हतं म्हणून बरं. मी चप्पल काढून पाय पेडलवर ठेवला. छाती धडधडत होती, आणि खरं सांगते, ती भीतीनं नव्हे.

"दाब."

"दाबलं."

"अगं, दाब की!"

"दाबलंय हो…"

पेडल खाली जात नव्हतं असं नाही. जात होतं, पण खालून कुणी तळवा लावून ते वर रेटत होतं. मी जोर वाढवला की त्याचाही जोर वाढे. मी सैल सोडलं की तेही सैल. झोपाळ्यावर समोरासमोर बसून पायाला पाय लावतात ना, तसं. आणि एवढ्या उन्हात, पेट्रोलच्या नि तापल्या चामड्याच्या वासातून, शिकेकाईनं नुकत्याच धुतलेल्या केसांचा वास आला. ओल्या केसांचा. माझे केस तर धुळीनं राठ झाले होते.

तेवढ्यात पमी बाभळीच्या शेंगा वेचायला खाली उतरली. माझ्या पायाखालचा रेटा एकदम गेला. इंजिन गरजलं.

"सुटली!" हे टाळी वाजवून म्हणाले. "बसा, चला."

पमी येऊन बसली. इंजिन पुन्हा पुटपुटायला लागलं.

आता मला राहवेना. दूध कशानं नासलं, ते बाई एकेक गोष्ट वगळून शोधते, तसंच करायचं ठरवलं. ह्यांना चालवायला बसवलं नि मी उतरले. रेस नाही. मी बसले, बोचकी उतरवली. नाही. पमीला उतरवलं, आणि मोटार गरजली. चढवलं, गप्प. उतरवलं, गरजली. पमीला तो खेळच वाटला. ती खिदळत चढउतार करायला लागली आणि मोटार तिच्या तालावर बोलायला लागली. माझ्या अंगावर काटा होता, तरी मीही हसत होते. ह्यांनी मात्र कपाळाचा घाम पुसला.

"मूठभर वजन नाही पोरीचं… तिच्यानं काय अटकणार?"

"अहो," मी म्हटलं. दोन महिन्यांत मी आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द असेल. "पमीला आजोळी ठेवायचं, हे आपण ह्यांना विचारलं का?"

"कुणाला?"

मी गळ्यातला टाक पुढं धरला.

ते टाकाकडं बघत राहिले. मग पेडलकडं. "खामखा काहीतरी…" म्हणाले. मग हळूच बोलले, "तिला मी मोटार शिकवायलो होतो. रानात न्यायचो, कुणाला दिसू नये म्हणून. पाय चांगला होता तिचा… माझ्यापेक्षा."

शिकेकाईचा वास आता अगदी माझ्या खांद्याशी होता.

लुगड्याला विचारलं, घासाला विचारलं, मोटारीत बसायलाही विचारलं. पोरीचं तेवढं कुणीच विचारलं नव्हतं. मी टाक मुठीत धरला. ऊन होतं तरी तो थंड होता.

"बाई," मी म्हटलं, "पमी कुठं जाणार नाही. माझ्यापाशी राहील. मी बोलेन घरात."

ह्यांनी पाय दाबला. काही नाही.

"बघ. काय नाही त्यात."

"तोंड घराकडं करा," मी म्हटलं.

कासोटा आवळून मीही ढकलायला लागले. चाकं वळली. मोटारीचं तोंड पेडगावकडं झालं. पमीला मांडीवर घेऊन मी बसले. हे चढायला एक पाय फूटबोर्डवर ठेवतात तोच इंजिन गरजलं. ते कसेबसे आत पडले. मग जे आम्ही आलो! सेलूच्या बाजारात बकऱ्या पांगल्या. पमी टाळ्या पिटत होती आणि मी या वेळी ओरडलेच.

"हळू घ्या!"

"मी कुठं…" हे म्हणाले. त्यांचा पाय पेडलवर नव्हताच.

दारात सासूबाई. "लेकरू परत? आणि हिचा पदर कुठाय?"

"पमी इथंच राहील," मी म्हटलं. पदर नंतर घेतला.

दुसऱ्या दिवशी काशीनाथमामांकडं निरोप धाडला, नि हे मोटारीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग मलाच खाली बोलावलं. सळई पेडलपासून सुटून लोंबत होती. तिला जोडणारी पिन नव्हती, आणि पिनच्या भोकात गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झाला होता. मुंगीही शिरली नसती. पावसाळ्यापासून ते पेडल कशालाच जोडलेलं नव्हतं.

"मग आपण आलो कसं?" मी विचारलं.

ह्यांनी नवी पिन घातली आणि वर झूल पांघरली.

हे सगळं होऊन तीन महिने झाले. पमी आता दिवसाढवळ्याही माझा पदर धरते. सासूबाई कुरकुरतात, पण जेवताना तिला आपल्याच ताटाशी घेतात. मला वाटायला लागलं होतं, की झालं, मिटलं.

काल दुपारी पमीनं विरजणाचं भांडं पालथं केलं. सारवलेल्या जमिनीवर सगळं दही. मी सकाळपासून राबत होते. संतापानं माझा हात वर गेला.

शेडमधून आवाज आला. खट्ट. पेडल पार खालपर्यंत दाबलं की तळाला लागून होतो, तसा.

हे परभणीला गेले होते. शेडला कुलूप होतं.

मी हात हळूच खाली घेतला, आणि पमीच्या केसांवरून फिरवला. ते कोरडे होते. वास मात्र ओल्या केसांचा येत होता.