तिसरी प्रत दुसऱ्या घरी

दुकानाचं दार मी एवढ्या जोरात ढकललं, की आतला दुरुस्तीवाला दचकला आणि त्याच्या हातातले चार इवलेसे स्क्रू जमिनीवर घरंगळले.

“आधी हे शोधायला मदत करा,” तो म्हणाला, “मग रडा.”

“मी रडत नाहीये!”

रडतच होते. चार वर्षं पहाटे उठून टिपलेले पक्ष्यांचे आवाज माझ्या हार्ड डिस्कमध्ये होते. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता, आणि लॅपटॉप डिस्कला ओळखच दाखवत नव्हता. दुसरी प्रत? ‘उद्या करू’ म्हणत राहून गेलेली.

तीन स्क्रू सापडेपर्यंत आमची डोकी दोनदा आपटली. चौथा माझ्या स्वेटरच्या बाहीत निघाला.

“ही गुलाबी डबी कुणी निवडली?” डिस्कचं कव्हर उघडत त्याने विचारलं.

“मीच. रंग छान होता.”

“रंग छानच आहे. पण आतलं सर्किट जळलंय. डिस्क बहुतेक ठणठणीत असेल.”

बहुतेक! मी जीव मुठीत धरून बसले. त्याने डिस्क एका राखाडी डबीत बसवली.

“ही धातूची. डिस्क तापली तर उष्णता बाहेर जाते. केबलही घट्ट बसते, धक्का लागला तरी निसटत नाही. दिसायला साधी, पण भरवशाची.”

“तुमच्यासारखी?” माझ्या तोंडून निघून गेलं… त्याचे कान लालबुंद झाले.

आणि स्क्रीनवर माझे सगळे फोल्डर उमटले! मला मिठी मारावीशी वाटली. डिस्कला म्हणतेय मी.

त्याने लगेच कॉपी करायला घेतली. “नुसती कॉपी करून भागत नाही, उघडून ऐकावी लागते,” म्हणत त्याने एक फाईल लावली. दूरवर एक पक्षी शीळ घालत होता… मग माझीच कुजबुज, “देवा, आता शिंक नको…” आणि पाठोपाठ दणदणीत शिंक! पंखांची एकच फडफड झाली. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला राग यायला हवा होता, पण ते हसणं मला फार आवडलं.

“तीन प्रती ठेवायच्या,” तो म्हणाला. “दोन तुमच्याकडे, तिसरी दुसऱ्या घरी. चोरी होवो, आग लागो, एक तरी वाचते.”

“मला कुठलं दुसरं घर?”

“माझं आहे की… म्हणजे, माझं कपाट!”

प्रबंध वेळेत गेला. तरी दर शनिवारी मी नवे आवाज घेऊन त्याच्या घरी जातच राहिले. त्याची आई दार उघडतानाच म्हणायची, “आली बघ तिसरी प्रत!”

वर्षभराने एका शनिवारी तो तोंड पाडून बसला होता.

“काय झालं रे?”

“तुझ्याशी लग्न करायचंय. पण मग… तिन्ही प्रती एकाच घरात येतील. नियम मोडतो.”

“अरे गाढवा, तिसरी माझ्या आईकडे ठेवू की!”

त्याने झटकन मान वर केली. “म्हणजे… हो?”

मी पिशवीतून रेकॉर्डर काढून चालू केला. “नीट विचार. याच्याही तीन प्रती करायच्यात.”

त्याने घसा साफ केला, नीट विचारलं, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच शिंकले.

त्या रेकॉर्डिंगची तिसरी प्रत आईकडे आहे. ती म्हणते, शिंकेनंतरचा ‘हो’ अगदी स्पष्ट ऐकू येतो.