अर्थबिंब

नागपूरच्या अर्थगणना प्रयोगशाळेत डॉ. ऋजुता खानझोडे पडद्याकडे समाधानाने पाहत होत्या. पीक, बाजार, जनावरं, आजार यांच्या सरकारी नोंदींवरून अख्ख्या राज्याच्या अर्थव्यवस्थेची हुबेहूब प्रतिमा उभी करणारं ‘अर्थबिंब’ हे यंत्र त्यांनीच घडवलेलं. अर्थसंकल्प विधानसभेत अडकल्याने सरकारी कचेऱ्या बंद पडून महिना होत आला होता, आणि या बंदचं नुकसान जवळपास शून्य असल्याचं अर्थबिंब सांगत होतं. सकाळीच ऋजुताताईंनी ते वाहिन्यांवर ठासून सांगितलं होतं.

दुपारी गडचिरोलीकडचे पशुवैद्य शालिकराम उईके भेटायला आले.

“मॅडम, आमच्याकडं बकऱ्या पटापट मरून राहिल्या. लस दवाखान्यात कुलपाआड पडली आहे.”

ऋजुताताईंनी त्यांचा तालुका पडद्यावर उघडला. “इथे तर एकही मेलेली दिसत नाही.”

“कशी दिसन? नोंद मीच करतो ना. मला तर सक्तीची रजा देली.”

ऋजुताताईंच्या चूक लक्षात आली. नवी नोंद आली नाही, तर अर्थबिंब जुनीच खरी धरत होतं. तास-दोन तासांच्या खंडासाठी त्यांनीच ती सोय केली होती.

“मंत्रीसाहेबांना सांगा मॅडम. दवाखाने उघडले तर बऱ्याच वाचतीन.”

“सांगते.”

पण सकाळचं बोलणं दुपारी फिरवायचं कोणत्या तोंडाने? कचेऱ्या उघडल्या की खरे आकडे आपोआप येतील, अशी मनाची समजूत घालून त्यांनी फोन केलाच नाही.

पंधरवड्याने राजकीय तडजोड झाली. कचेऱ्या उघडल्या आणि साचलेल्या सगळ्या नोंदी एकाच आठवड्यात अर्थबिंबावर येऊन कोसळल्या.

अर्थमंत्र्यांनी बैठक बोलावली. जिल्ह्यांतले अधिकारीही आले होते; मागच्या रांगेत उईके होते. अर्थबिंबाचा निष्कर्ष वाचला गेला: बंदच्या काळात तोटा नाही; कचेऱ्या उघडताच मात्र प्रचंड तोटा. शिफारस: कचेऱ्या, विशेषतः पशुदवाखाने, पुन्हा बंद करावेत.

“यंत्राला कुणाची भीड नसते,” मंत्री म्हणाले. “कुणाची हरकत?”

ऋजुताताई उभ्या राहिल्या. “साहेब, जनावरं बंदमध्येच मेली. नोंद आत्ता झाली. तेव्हा यंत्राला काही दिसतच नव्हतं.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“बंद चालू असताना.”

मंत्र्यांनी समोरचा अहवाल मिटला. “तेव्हा बोलला असतात, तर अत्यावश्यक सेवा म्हणून दवाखाने मी दुसऱ्या दिवशी उघडले असते.”

शिफारस रद्द झाली. बाहेर व्हरांड्यात उईके उभे होते. ऋजुताताई त्यांच्यापाशी गेल्या.

“मी गावात सांगतलं होतं,” उईके हळूच म्हणाले, “मॅडमनं सांगतलं, सरकारनंच आयकलं नाही.”