काळ्या पडद्यावरच्या ओळी

ही दोन हजार अठराची गोष्ट. छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. माझ्या फोनचे अपडेट कंपनीने केव्हाच बंद केले होते, दुकानदाराने हात टेकले होते. म्हणून वाचनालयाच्या दारातल्या भंगाराच्या पेटीत मी तो टाकत होते. एक हात मध्ये आला.

"टाकू नका... जिवंत आहे अजून."

हे टेलिफोन खात्यातले निवृत्त गृहस्थ, विधुर. लॅपटॉपवर पेंग्विनचं चित्र, म्हणून वाचनालयात सगळे त्यांना पेंग्विनच म्हणत. चालही तशीच होती, हे पुढे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

त्यांनी फोनला केबल लावली, कीबोर्ड जोडला. थोड्या वेळाने काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी सरसर धावू लागल्या. तळहाताएवढ्या फोनचा अख्खा संगणक झाला होता. ही कुणाची कंपनी, मी विचारलं. कुणाचीच नाही, ते म्हणाले. याला लिनक्स म्हणतात, हा पेंग्विन त्याचीच खूण, जगभरच्या माणसांनी एकमेकांचं तोंडही न पाहता लिहिलंय आणि सगळ्यांना देऊन टाकलंय. मी पाहत राहिले — पडद्याकडे, मग त्यांच्याकडे.

रोज दुपारी वाचनालयात शिकवणी सुरू झाली. मी भावाच्या घरी राहत होते, वहिनी दारातच अडवायच्या, "काय वन्सं, फोन शिकायला अत्तर लागतं वाटतं?"

मग एका दुपारी ते म्हणाले, मुलगी बोलावतेय, रविवारी कायमचा तिच्याकडे चाललोय. सांगताना नजर केबलच्या टोकावर. एक प्रोग्रॅम टाकायचा होता, त्याला पासवर्ड हवा होता. मी टाइप केला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा केला... ठिपकासुद्धा नाही.

"कीबोर्ड बिघडला," मी म्हणाले. खरं तर आवाज बिघडला होता, माझा.

"नाही हो. इथे पासवर्ड दिसत नाही. तो सगळं आत घेतो — दाखवत नाही, एवढंच."

"म्हणजे तुमच्यासारखाच."

त्यांचे कान लाल झाले.

"मुलीला... काय सांगू मग?"

"सांगा, एका बाईंचं शिकणं अर्धवट राहिलंय."

"किती दिवस चालेल?"

"मी फार मंद आहे."

ते गेले नाहीत. आम्ही रजिस्टर लग्न केलं. साक्षीदाराची सही करताना वहिनीच रडल्या. त्या आता नाहीत. यांच्या मुलीने वर्षभर अबोला धरला, मग एक दिवस आली आणि आपली तान्ही लेक माझ्या मांडीवर ठेवून निवांत झोपून गेली. वाचनालयाच्या जागी चपलांचं दुकान झालंय. यांची नजर अधू झाली, तेव्हापासून पडद्यावरच्या ओळी मीच मोठ्याने वाचते. कुठल्याशा दूरच्या माणसाने माझ्या त्या टाकाऊ फोनसाठी कालच केलेली एखादी दुरुस्ती त्यात येते, आणि वाचता वाचता मी थबकते.

"हं," हे म्हणतात, "पुढे?"