हिरवं की सोनेरी?

रियाधच्या त्या प्रदर्शनात तौकीर शिरला तो केवळ बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं म्हणून. फोनवर चाचांशी रत्नागिरीकडचं मराठी बोलत तो थाई रेशमाच्या स्टॉलपाशी थबकला.

"हे कापड हिरवं की सोनेरी?"

"दोन्ही," स्टॉलवरची झोया मराठीतच म्हणाली. "उभा धागा हिरवा, आडवा सोनेरी. जरा सरकून बघा."

तो सरकला… जरा जास्तच.

"अहो, कापडाकडे बघा!"

"तिकडेच बघतोय की."

झोया श्रीवर्धनची, पण वाढलेली रियाधमध्ये. शेजारी मागावर थायलंडहून आलेल्या प्रानोमखाला विणायच्या आणि झोया लोकांना समजावून सांगायची. तौकीर चाचांच्या कापडदुकानात बसायचा. आता दुकान सोडून तो रोज इथेच दिसू लागला.

पिवळे कोश उकळत्या पाण्यात सोडून हातानं धागा कसा काढतात, तो कुठे जाड, कुठे बारीक असतो म्हणून कापड कसं चमकतं, आधी गाठी बांधून धागा रंगवायचा नि मगच विणायचं – सगळं तो ऐकायचा. मध्यंतरी गिरणीच्या कापडापुढे खालांच्या गावातले माग बंद पडले होते. खालांच्या आईनं तर आपला माग सुटा करून माळ्यावर टाकला होता. पुढे शहरातून, परदेशातून मागणी आली, तेव्हा तो पुन्हा खाली उतरला.

एकदा खाला मोडक्या इंग्रजीत काही सांगू लागल्या. झोया मराठीत सांगता सांगता अडखळली.

"पूर्वी त्यांच्याकडे मुली संध्याकाळी अंगणात सूत कातत बसायच्या… आणि मुलं गप्पा मारायला यायची."

"मग?"

"मग… लग्नं जमायची."

"बघा! मी काही उगीच येत नाही."

झोयाचे कान लाल झाले.

शेवटच्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, "चाचींना तुमच्या घरी पाठवू?"

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण ती म्हणाली, "मी थायलंडला चाललेय… वर्षभर. खालांच्या गावी, माग शिकायला."

तौकीरनं हातातलं कापड नीट घडी करून ठेवलं आणि काही न बोलता निघून गेला. त्या संध्याकाळी झोया जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर, बेल वाजली. दारात चाचा, चाची – आणि त्यांच्यामागे तो.

लग्नाचं बोलणं ऐकून झोयाचे अब्बा खुश झाले. "मग आधी निकाह उरकू. थायलंडचं राहू दे."

चहाचा ट्रे घेऊन येणारी झोया दारातच थांबली.

"नाही," तौकीर म्हणाला. "तिला आधी जाऊ द्या. मी थांबतो."

"मग आजच कशाला आलास?" अब्बा चकित झाले.

"दुसरं कुणी यायच्या आत… नंबर लावून ठेवायला."

चाची खुदकन हसल्या. झोया मात्र हसली नाही. "काल न बोलता का गेलात?"

तो खाली बघू लागला. "रडू येत होतं. भर प्रदर्शनात कसा रडणार?"

तिनं ट्रे अम्मीच्या हातात दिला. मग सगळ्यांसमोर, मान वर करून, त्याच्याकडे पाहिलं.

"थांबा मग," ती म्हणाली. "मी येते."