मामीची ओळ

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण हे घडलंय, आणि मी त्या घरात होते.

सर्बियातलं निश शहर. जानेवारीतली संध्याकाळ. मामी जाऊन आठवडा झाला होता.

आमच्याकडे माणूस गेलं की चाळीस दिवस घरात गाणं लावत नाहीत. मामाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण स्तामेनामामी चर्चच्या बायकांच्या गायनमंडळात होती. त्यांच्या सीडीत एक ओळ ती एकटी गाते, मागे बाकीच्या नुसत्या गुणगुणतात. तिचा आवाज उरला होता तो तेवढाच.

"एकदाच, नेवेना. हळू लावतो," मामा म्हणाला.

मामाचा सीडी प्लेअर म्हणजे आपली सवत, असं मामी म्हणायची. आत जुन्या रेडिओत असायचे तसले, दिव्यासारखे पेटणारे काचेचे व्हॉल्व्ह. ते नीट तापल्याशिवाय मामा कुणाला गाणं लावू द्यायचा नाही. सारखं चालू-बंद केलं की व्हॉल्व्ह मरतात, म्हणून आमच्यावर ओरडायचा.

व्हॉल्व्ह तापले. बायका गाऊ लागल्या. मामीची ओळ आली...

आणि काहीच नाही.

मागची गुणगुण होती. मामी नव्हती.

"डावा व्हॉल्व्ह गेला," मामा म्हणाला. त्याने डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. मग जपून ठेवलेली शेवटची जोडी घातली. मी सीडी घरी नेऊन माझ्या साध्या प्लेअरवरही लावली.

सगळीकडे तेवढीच जागा रिकामी.

"चाळीस दिवस दम धरवला नाही मला," असं म्हणून मामा लहान पोरासारखा रडला.

मग आम्ही थांबलो.

चाळिसाव्या दिवशी सकाळी कबरीवर मेणबत्ती लावली, गेलेल्या माणसाच्या नावाने शिजवतात ते गोड गहू वाटले आणि घरी आलो. मामाने प्लेअर लावला.

ओळ आली. रिकामीच...

नाही. कुणीतरी श्वास घेतला.

मग मामी गायली. प्लेअरमधून नाही.

स्वयंपाकघरातून.

मी मामाची बाही घट्ट धरली.

"सोड पोरी, ओळ संपेल," एवढंच तो म्हणाला, आणि हात झटकून आत गेला.

ओळ संपली.

मी धावले. मामा एकटाच उभा होता. गॅसवर कॉफी उतू जात होती. ती आम्ही ठेवली नव्हती. मामाचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

तो अजून फुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

सीडीत मात्र मामीची ओळ परत आलीये. आणि मामाच्या प्लेअरवर, फक्त त्याच्याच, ती ओळ संपता संपता मागून एका पुरुषाचा आवाज येतो...

"बंद नको करूस, पोरी."

मी बंद करत नाही. मामा दिवसभर समोर बसून असतो. आत आता ती शेवटचीच जोडी आहे, जुनी कधीच जळून गेली, आणि तसले व्हॉल्व्ह आता कुणी बनवत नाही. मी सगळीकडे विचारून थकले.

कालपासून डावा व्हॉल्व्ह मिणमिणतोय.