फाशाचा पहिला घास

पूर्वेच्या डोंगरांवर तांबडं फुटलं होतं आणि रानजाईगडाच्या पायथ्याला वेढा घालून बसलेल्या जहागीरदार सर्जेरावांच्या छावणीतून शेकोट्यांचा धूर धुक्यात मिसळत वर चढत होता, तेव्हा बालेकिल्ल्याच्या सदरेवर उभ्या असलेल्या गुणाबाईंनी नित्याप्रमाणे आधी उत्तरेची वाट न्याहाळली आणि मग नाइलाजाने खालचे तोफांचे मोर्चे. उत्तरेकडून कुमक यायची होती. राजधानीतून तसा निरोप आला होता खरा. पण तो आला तेव्हा गडाच्या कोठारात नाचणी होती, आणि किल्लेदार हैबतराव हयात होते.

हैबतराव बुरुजावर तोफेच्या गोळ्याने पडले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पत्नी गुणाबाई त्यांची तलवार कमरेला बांधून सदरेवर बसल्या. शिबंदीने मुजरे केले. काहींनी आदराने केले, तर काहींनी अशासाठी की एवढी जोखीम अंगावर घ्यायला दुसरं कोणी पुढे येत नव्हतं. आता कोठारात मीठ, हळद आणि उंदीर एवढंच उरलं होतं. गड तगला होता तो पश्चिम कड्याखालच्या कपारीवर. तिथल्या झऱ्यावर जनावरं पाण्याला येत आणि सोमा पारध्याच्या फाशांत सापडत. कपारीवरून कड्यावर चढायची अवघड वाट सोमाला ठाऊक होती आणि सरनोबत निंबाजीला, म्हणजे गुणाबाईंच्या पाठच्या भावाला. सोमा तापाने अंथरुणाला खिळल्यापासून निंबाजीच फासे बघायला उतरत असे.

फाशातल्या मांसाचा गडावर एक कडक नेम होता. जनावर जिवंत हाती लागलं आणि माझ्याच सुरीने पडलं, अशी आण ज्याने ते आणलं त्याने रानजाईदेवीच्या पायरीवर हात ठेवून घ्यायची. निखाऱ्यावर भाजलेल्या काळजाचा पहिला घास त्यानेच खायचा. आणि देवीपुढचा कापूर जळून विझेपर्यंत बाकीच्यांनी पानाला हात लावायचा नाही. फाशात मरून पडलेलं, साप डसलेलं जनावर खाऊन पूर्वी कधीतरी माणसं दगावली होती, तेव्हापासूनचा हा नेम. पोट भरलेलं असताना तो सगळ्यांनाच पटायचा.

त्या सकाळी निंबाजीने कपारीत दोराला बांधलेलं भलंथोरलं सांबर दोन हशमांकरवी कड्यावर ओढून घेतलं आणि त्यांच्या खांद्यावर देऊन तो वर आला. गडावर जीव आला. बायकांनी चुली पेटवल्या, तिरफळं शोधून काढली, कोणी कुठून तरी रानआल्याचे कंद आणले. वाट्यावरून भांडणं नकोत म्हणून मांस गुणाबाई स्वतः कापत. टाक्यातलं पाणी तळाला गेल्यामुळे मांस धुण्याची चैन केव्हाच संपली होती. तुकडे हंड्यात पडले, मीठ-हळद पडली, आणि तो वास तटावर गेला तसे पहारेकरीसुद्धा माना वळवून बघू लागले.

सांबराचा शेवटचा पाय हातात आला आणि गुणाबाईंची सुरी थांबली. त्यांनी बाजूला ठेवलेले तिन्ही पाय पुन्हा उलटून पाहिले. मान पाहिली. कुठेच फास आवळल्याची खूण नव्हती. एक केस उपटलेला नव्हता. फाशातलं जनावर मरेपर्यंत ओढ घेतं, कातडं सोलून निघतं. शिवाय पोट आधीच साफ केलेलं होतं आणि काळीज तेवढं नीट आत ठेवलेलं होतं.

त्यांनी भावाला मुदपाकखान्यामागे बोलावलं.

"निंबा, हे सांबर कुठल्या फाशातलं?"

"झऱ्यापाशच्या."

"माझ्याकडे बघून सांग."

निंबाजीने बघितलं नाही. तो भिंतीच्या दगडावरून बोट फिरवत राहिला.

"आक्का, काल नाईकाच्या घरात मी पोरांना चामड्याची वादी उकडून खाताना पाहिलं," तो म्हणाला. "कुमक येत नाही, हे तुलाही कळतंय. सर्जेरावांचा माणूस मला कपारीवर भेटला. जहागीरदार म्हणाले, वैर किल्लेदारांशी होतं, पोराबाळांशी नाही. शिकार आम्ही देतो, मागाहून बायकापोरांना सुखरूप खाली उतरवू."

"आणि तू त्यांना काय दिलंस?"

"वाट दाखवली."

गुणाबाईंना वाटलं, याच्या थोबाडीत मारावी. लहानपणी याला मांडीवर घेऊन भरवताना जसा राग यायचा आणि मायाही, तसंच आत्ताही झालं, आणि त्याचीच त्यांना चीड आली.

"ज्याने गड घ्यायचा विडा उचलला, तो गडाला जेवू घालील? मी हंडा उलथून टाकते."

"टाक. ही माणसं आजच दरवाजा उघडतील."

ते खरं होतं. पलीकडून पानं मांडल्याचे आवाज येत होते, आणि त्या आवाजांत कित्येक दिवसांनी हसणं ऐकू येत होतं.

"मांसात काही नाही, आक्का. माझ्यावर भरवसा नसेल तर नेमावर ठेव. पहिला घास माझाच आहे."

"मी खाते तो."

"तू पडलीस तर गड पडला," निंबाजी म्हणाला आणि निघून गेला.

देवळापुढच्या अंगणात सगळा गड पानांवर बसला होता. निंबाजीने पायरीवर हात ठेवला. आणेचे शब्द मात्र त्याने उच्चारले नाहीत. भुकेल्या घाईत ते फक्त त्याच्या बहिणीच्या ध्यानात आलं. निखाऱ्यावरचं काळीज त्याने उचललं, तोंडात घातलं, चावून गिळलं आणि लोकांकडे बघून हसला.

गुणाबाईंनी कापूर लावला. वडी जळत आली तशी त्यांनी दुसरी टाकली. मग तिसरी. अंगणात चुळबुळ सुरू झाली.

"बाईसाहेब, देवी तृप्त झाली असेल आता," म्हातारे नाईक म्हणाले. "पोरं कळवळलीत."

"कापूर जळतोय, नाईक. नेम म्हणजे नेम."

त्यांनी गडावरचा होता नव्हता तेवढा कापूर तबकात ओतला. पाठीमागे कोणीतरी शिवी हासडली. त्यांनी ती ऐकली आणि तबक तसंच फिरवत राहिल्या. डोळे देवीवर नव्हते, भावावर होते. खोटी ठरू दे मी, असं त्या मनात म्हणत होत्या. सगळ्या गडासमोर खोटी ठरू दे.

निंबाजीने ओठ पुसले. पुन्हा पुसले. जीभ जड झाल्यासारखा तो तोंड हलवू लागला, कपाळावर घाम डवरला. बचनागाच्या विषाची बाधा त्याने लढायांत पाहिली होती. त्याने बहिणीकडे एकदा बघितलं आणि खांब धरून उठला.

"कोणी खाऊ नका," तो म्हणाला. शब्द अडखळत होते, तरी साऱ्यांना कळत होते. "मांसात विष आहे. कपारीची वाट मी फितूर होऊन दाखवली. गड जेवून पडला की ते चढणार. चुलीचा धूर त्यांनी पाहिलाय. कड्यावर धावा."

तो गुडघ्यांवर कोसळला. गुणाबाईंचं एक पाऊल त्याच्याकडे पडलं. क्षणभरच. मग त्यांनी तबक पायरीवर ठेवलं, तलवार उपसली आणि भावाला ओलांडून त्या पश्चिमेकडे धावल्या. त्यांच्यामागून, पानांवरून उपाशी उठलेली शिबंदी धावली.

जहागीरदाराचे निवडक लोक निम्मा कडा चढून आले होते. वर मेलेला गड भेटणार, अशा भरवशावर ते निर्धास्त होते. उपाशी माणसांनी तटाचे धोंडे लोटले. बायका पाटे-वरवंटे घेऊन आल्या. दुपार ढळेस्तोवर कपारीची वाट दगडांनी बुजली आणि खालची छावणी गप्प झाली.

गुणाबाई परतल्या तेव्हा निंबाजी केव्हाच गेला होता. सोमा पारधी तापल्या अंगाने उठून आला होता आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"काही बोलला?"

"तुमचं नाव घेत व्हता, बाईसाहेब."

प्रेताचं काय करायचं, यावर सदर दुभंगली. फितुराला कड्यावरून लोटा, असं निम्मे म्हणत होते. त्याच्यामुळे जिवंत आहोत, असं निम्मे. गुणाबाईंनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. छत्री-चौथऱ्याचा मान द्यायचा नाही, पण सरण चंदनाचं रचायचं, असा त्यांनी निवाडा दिला, आणि अग्नी स्वतः दिला. हंड्यातलं मांस खोल खड्ड्यात पुरलं गेलं. त्या रात्री गडाने झाडपाला उकळून खाल्ला.

कुमक आली, पण बरीच उशिरा. तोवर काही चुली कायमच्या विझल्या होत्या. वेढा उठल्यावर सोमाने नवे फासे लावले आणि एक रानडुक्कर आणलं. त्याने पायरीवर हात ठेवून आण घेतली, काळीज भाजलं. पण घास घ्यायला त्याचा हात पुढे होईना. अंगणात कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

गुणाबाई उठल्या. त्याच्या हातातला घास घेऊन त्यांनी तोंडात घातला, सावकाश चावला आणि निंबाजी पडला होता त्या खांबापाशी जाऊन बसल्या. कापूर जळला, विझला. तरीही त्या बसून राहिल्या, आणि त्या बोलेपर्यंत पानावरच्या एकानेही हात हलवला नाही.

"वाढा," त्या म्हणाल्या. "पोरांना आधी."