सतराव्या पत्रकावरचा चौदावा डाग

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पलीकडून वडिलांची, फादिलची, कुजबुज ऐकून एदिसा खुर्चीतून उठलीच. फादिल कधी हळू बोलत नसे.

"पोरी, आम्ही चौघं जिथल्या तिथं उभे आहोत. पाचोळ्याखाली भूसुरुंगाच्या धोक्याची पाटी सापडली. नकाशावर इथं काहीच नाही."

हे चौघे लाकूडतोडे पहाटेपासून त्या बीच झाडांच्या रानात इकडेतिकडे हिंडले होते. आल्या वाटेच्या पाऊलखुणा आता ओळखू येणार नव्हत्या. सुरुंग काढणारी तुकडी निघाली होती, पण पोहोचायला तिला दीड तास लागणार होता.

युद्धात पेरलेल्या सुरुंगांच्या जागा दाखवणारा तो नकाशा एदिसाच्याच कार्यालयातून गेला होता. वीस मिनिटांत इन्स्पेक्टर राबिया तिथे हजर झाली. असे एकतीस नकाशे आदल्या संध्याकाळी बोस्नियाच्या डोंगरांत गेले होते. ते सगळेच चुकीचे असले तर?

कार्यालयाचे प्रमुख यास्मिनसाहेबांनी सरळ एदिसाकडे बोट दाखवलं. तीन आठवड्यांपूर्वी हिने कुठल्याशा वर्गात शिकून संगणकासाठी पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, तेव्हापासून नकाशे आपोआप निघतात, असं ते म्हणाले. कोपऱ्यात म्हातारे नकाशेकार रेम्झिया खाली मान घालून ब्लेडने पेन्सिल तासत होते.

चूक आपलीच, असं एदिसालाही वाटत होतं.

"काय करते तुझी स्क्रिप्ट?" राबियाने विचारलं.

"नकाशाचं एकेक पत्रक उघडते. धोक्याचे लाल डाग मोजते, आकडा कोपऱ्यात लिहिते आणि छापते."

"चुकते कधी?"

"आधीच्या कामातले काही डाग निवडलेले राहिले, तर तेवढेच घेते, बाकीचे सोडून देते. नवशिके हमखास इथं फसतात, मॅडम. काल मी निवड काढली होती की नाही, आठवत नाही."

"आणि मोजते कशावरून?"

"त्याच निवडीवरून. जेवढे मोजते, तेवढेच छापते."

राबियाने त्या रानाच्या, म्हणजे सतराव्या, पत्रकाची छापलेली मूळ प्रत मागवली. कोपऱ्यात चौदा आकडा होता. तिने बोट ठेवत डाग मोजले, मग पुन्हा मोजले. तेराच भरले.

छापलेली प्रत कोणाकडे जाते, हे तिने विचारलं. आधी रेम्झियांकडे, यास्मिन म्हणाले. ते तपासून सही करतात, युद्धापासूनची रीत आहे. मग रंगीत प्रती काढून वाटायच्या. वाटण्याआधी आपण स्वतः डाग मोजत होतो, पण यंत्र आल्यापासून बघत नाही, हेही त्यांनी चाचरत सांगितलं.

राबियाने कागद खिडकीशी धरला. एका जागी तो पातळ झाला होता आणि तिथून जास्त उजेड येत होता.

"बाकीच्या तीस नकाशांवरचे डाग आकड्यांशी ताडून बघा," ती यास्मिनना म्हणाली. "ते जुळतील. स्क्रिप्टनं डाग सोडला असता, तर आकडाही तेराच आला असता. म्हणजे चौदावा डाग छापल्यावर गेला. तो कुणीतरी ब्लेडनं खरवडला आणि डागाखालच्या, डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषा पेनानं पुन्हा जोडल्या. हे काम साहेबांना बापजन्मात जमणार नाही. रेम्झिया, इथं हातानं रेषा काढणारे तुम्ही एकटेच उरलात."

रेम्झियांनी ब्लेड खाली ठेवलं.

"यास्मिन वाटण्याआधी मोजेल, असं धरून चाललो होतो," ते म्हणाले. "चूक सापडेल, यंत्र बंद होईल, एवढंच हवं होतं. नकाशा रानात जाईल, हे मनातही आलं नाही."

एदिसाला राग यायला हवा होता. पण तिला फक्त भीती वाटत होती, आणि तिची नजर फोनवरून हलत नव्हती.

पावणेदोनला चौघंही सुखरूप रस्त्यावर आले. बाकीचे तीस नकाशे बरोबर निघाले. फादिल चिखलाच्या बुटांनिशीच कार्यालयात शिरला. राबिया रेम्झियांचा जबाब घेत होती. फादिलला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याने मुलीला जवळ घेतलं, मग म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरं म्हणत होती, हे रान बरं दिसत नाही, यंत्रानं काढलेल्या नकाशाचं काय खरं. मी म्हटलं, यंत्रावर माझाही भरवसा नाही. पण खाली रेम्झियाची सही आहे, चला आत."